नाशिकचा पारा घसरला. चिमुकल्यांना फोनशिवाय घरात रमवायचे कसे? समजून घ्या

नाशिक : डिसेंबर उजाडला की नाशिककरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी दोन आकडे फिरू लागतात. एक शहराचा, दुसरा निफाडचा. निफाड तालुक्यातील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदवले जाणारे तापमान अनेकदा राज्यातील नीचांकी ठरते. डिसेंबर २०१८ मध्ये तर तिथला पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, शहरात स्वेटर आणि कानटोप्या बाहेर निघतात.

या आकड्यांमागे घराघरात आणखी एक अडचण सुरू होते. दीड-दोन वर्षांचे मूल थंडी असो वा नसो, सहा-साडेसहाला उठून बसते. बाहेर गारठा असल्याने त्याला बागेत नेता येत नाही. आई डब्याच्या गडबडीत, बाबांना सातपूर किंवा अंबडची पहिली पाळी गाठायची, आजीचे गुडघे आखडलेले. मग उशीला टेकवून फोन लावून दिला जातो. मूल गप्प बसते. तासाभराने फोन काढून घेतला की तेच मूल घर डोक्यावर घेते.

यावरचा उपाय महागड्या प्ले एरियात नाही आणि खेळण्यांच्या ढिगातही नाही. गादी, पातेली, कणीक, रिकामा खोका आणि एका मोठ्या माणसाची अधूनमधून दहा-दहा मिनिटे एवढ्यावर थंडीची सकाळ निघू शकते. ती कशी, आणि या दिवसांत घरातल्या कोणत्या धोक्यांकडे लक्ष ठेवायचे, ते पाहू.

थोडक्यात महत्त्वाचे

- १ ते २ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.
- २ वर्षांखालील मुलांना स्क्रीन नकोच; २ ते ५ वर्षांच्या मुलांना तासाभरापेक्षा जास्त नको.
- नाशिकमध्ये दिवसभर थंडी नसते. अडचण सकाळी आणि संध्याकाळी असते. दुपारच्या आधीचे ऊन वापरून घ्यावे.
- बंद खोलीत कोळशाची शेगडी, बाथरूममधला गॅस गिझर आणि बादलीतली पाण्याची कॉइल हे हिवाळ्यातले मोठे धोके आहेत.
- बोरन्हाणात बोरे, शेंगदाणे आणि हलवा लहानग्यांच्या तोंडात जाणार नाही, याची काळजी घ्या.

थंडी नेमकी किती वेळ असते?

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडे, गार वारे येतात आणि आकाश निरभ्र असते. ढग नसल्याने दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता भराभर सोडून देते. त्यामुळे कडाक्याच्या दिवसांत पहाटे पारा १० अंशांखाली उतरतो आणि सूर्य वर आला की तितक्याच झपाट्याने चढतो. अशा दिवशीही दुपारी तापमान साधारण २५ ते २८ अंशांच्या घरात असते.

पालकांसाठी यातला कामाचा भाग असा : मुलाला दिवसभर घरात कोंडण्याची गरज नाही. सकाळी साडेदहा-अकरानंतर गच्चीवर, अंगणात किंवा सोसायटीच्या आवारात अर्धा-पाऊण तास उन्हात खेळवता येते. प्रश्न उरतो तो सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी सहानंतरच्या वेळेचा. मात्र हा वेळ थोडाथोडका नाही. या वयाचे मूल दिवसात साधारण अकरा-बारा तास जागे असते. त्यातले सकाळचे आणि संध्याकाळचे तीन-तीन तास स्क्रीनसमोर गेले, तर जागेपणाचा निम्मा दिवस बसून गेला.

किती हालचाल हवी?

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी हालचाल, बैठे राहणे आणि झोप यांबाबत मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यातील मुख्य मुद्दे असे :

- १ वर्षाखालील बाळ : दिवसातून अनेकदा जमिनीवर खेळवावे. जे अजून रांगत नाही, त्याला जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे पोटावर पालथे ठेवावे.
- १ ते २ वर्षे : दिवसभरात किमान १८० मिनिटे वेगवेगळ्या प्रकारची हालचाल. दुपारच्या डुलकीसह ११ ते १४ तास झोप.
- ३ ते ४ वर्षे : १८० मिनिटांची हालचाल; त्यातील किमान ६० मिनिटे धावणे-उड्या मारणे अशी दमवणारी. झोप १० ते १३ तास.
- सर्वांसाठी : बाबागाडीत, उंच खुर्चीत किंवा पाठीवर बांधून एका वेळी एका तासापेक्षा जास्त अडकवून ठेवू नये.

१८० मिनिटांचा आकडा वाचून दडपण येऊ शकते. पण ही तीन तासांची सलग कसरत नाही. खोलीभर फिरणे, पलंगावर चढणे, वाकून चमचा उचलणे, पातेले ओढत नेणे, सगळे यात मोजले जाते. मूल मोकळे असेल, तर तो हिशेब ते स्वतःच पूर्ण करते. त्याला एका जागी खिळवणारी वस्तू समोर नसली म्हणजे झाले.

फोन का नको? कधी चालतो?

इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची सूचना स्पष्ट आहे : २ वर्षांपर्यंत स्क्रीन नाही, २ ते ५ वर्षांत दिवसाला एक तासाची मर्यादा, तीही मोठ्यांच्या सोबतीने. गावाकडच्या आजी-आजोबांशी किंवा परगावी असलेल्या वडिलांशी अधूनमधून केलेल्या व्हिडिओ कॉलला मुभा आहे. कारण समोरचा माणूस बाळाच्या हसण्याला, आवाजाला उत्तर देत असतो.

फरक याच उत्तरात आहे. मूल ‘बा’ म्हणाले की आजी ‘बाबा कुठं गेले?’ विचारते, मूल दाराकडे बोट दाखवते, आजी ‘कामाला गेले’ सांगते. अशा देवघेवीतून भाषा घडते. व्हिडिओ बोलत राहतो. मूल काय म्हणाले, याच्याशी त्याला देणेघेणे नसते.

बोलणाऱ्या, दिवे लागणाऱ्या खेळण्यांचीही हीच गत आहे. अमेरिकेतील नॉर्दर्न अ‍ॅरिझोना विद्यापीठातील एका अभ्यासात १० ते १६ महिन्यांची बाळे आणि त्यांचे पालक अशा २६ जोड्यांचे घरातले खेळणे ध्वनिमुद्रित केले गेले. त्यांना आलटून पालटून इलेक्ट्रॉनिक खेळणी, साधी खेळणी आणि पुस्तके दिली होती. इलेक्ट्रॉनिक खेळण्यांशी खेळताना पालक सर्वांत कमी बोलले आणि बाळांनीही कमी आवाज काढले. पुस्तक हातात असताना बोलणे सर्वाधिक झाले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास छोटा आहे, पण त्याचा अनुभव कोणत्याही घरात घेता येतो : खेळणे बोलू लागले की माणसे गप्प होतात.

मग खेळणी किती हवीत?

पालकांना वाटते त्यापेक्षा खूप कमी. अमेरिकेतीलच टोलेडो विद्यापीठातील संशोधकांनी १८ ते ३० महिन्यांच्या ३६ मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिले. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. १६ खेळण्यांत मुले एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहिली. चारच असताना एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त वेगवेगळ्या पद्धतींनी खेळली.

म्हणजे घरात खेळण्यांचे टोपले भरून वाहत असेल, तर त्यातली चार बाहेर ठेवून बाकीची माळ्यावर टाकावीत. आठवड्याने अदलाबदल केली की जुनेच खेळणे नवे होऊन येते. नवीन घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते बंधनकारक आहे.

घरातल्या वस्तूंनी शिकवणे ही नवी कल्पना आहे का?

मुळीच नाही, आणि ती परदेशातूनही आलेली नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. माँटेसरी पद्धतीचे महत्त्व त्यांना पटले होते. पण त्या पद्धतीची साधने महाग होती. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. तिथे आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी भागात शंख-शिंपले, बिया, पाने, माती, खडे हेच शिक्षणाचे साहित्य झाले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीवर, त्यांच्या अंगणात नेली गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ यांनी हे काम आयुष्यभर पुढे चालवले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगावी पोहोचली.

आज तीन वर्षांखालील मुलांसाठी केंद्र सरकारचा ‘नवचेतना’ हा आराखडा आहे. २०२४ मध्ये आलेल्या या आराखड्यात महिन्या-महिन्याच्या वयानुसार घरी करता येतील असे साधे खेळ दिले आहेत. अंगणवाडी सेविका गृहभेटीत ते पालकांना दाखवू शकतात. तुमच्या भागातील सेविकेला त्याबद्दल जरूर विचारा.

सकाळचे तीन तास : काय खेळायचे?

दीड-दोन वर्षांचे मूल एका खेळात पाच-सात मिनिटे रमले तरी पुष्कळ. त्यामुळे एकच मोठा खेळ शोधण्यापेक्षा लहान लहान खेळ पाठोपाठ ठेवावेत. एक अंग दमवणारा, एक बसून करायचा, अशी अदलाबदल केली की मूल कंटाळत नाही आणि चिडतही नाही.

१. गोधडीतले खेळ. उठल्या उठल्या अंथरुणातच सुरुवात करा. गोधडीखाली लपून ‘भॉ’ करणे, गोधडीचा बोगदा करून त्यातून रांगत जाणे, पाय वर करून त्यावर मुलाला झुलवणे. थंडीत अंग उबदार होते आणि मोठ्यांनाही लगेच उठावे लागत नाही.

२. गाद्यांचा डोंगर. अंथरुणे काढण्याची घाई करू नका. दोन गाद्या एकावर एक, बाजूला उशा आणि लोड रचा. चढायचे, घसरायचे, लोळायचे. चालायला लागलेल्या मुलाला उंचसखल जागेवर तोल सांभाळण्याचा सराव होतो. भिंतीचा कोपरा, टीपॉय आणि पलंगाची कड यांपासून डोंगर दूर असावा.

३. फरशीची वाट. घरातल्या चौकोनी फरश्या म्हणजे आखलेले मैदान. खडूने काही फरश्यांवर फुल्या काढा आणि फुलीवरूनच चालायला सांगा. दोन वर्षांच्या आसपास मुले चेंडूला लाथ मारू लागतात, तर अडीच वर्षांपर्यंत बहुतेकांना दोन्ही पाय उचलून उडी मारता येते. त्याप्रमाणे खेळ बदला : चेंडू ढकलत फुलीपर्यंत न्यायचा किंवा एका फरशीवरून दुसरीवर उडी घ्यायची. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर पळू देऊ नका, पाय हमखास सटकतो. अनवाणी किंवा तळाला रबरी ठिपके असलेले मोजे बरे. बसून खेळायला सतरंजी अंथरा.

४. डबे आणि झाकणे. स्वयंपाकघराच्या दाराशी, गॅसपासून लांब, एक खालचा कप्पा मुलाच्या मालकीचा करा. त्यात स्टीलचे दोन-तीन डबे, त्यांची झाकणे, वाट्या, लाकडी पळी आणि प्लास्टिकची चाळणी ठेवा. कुठल्या डब्याला कुठले झाकण बसते, मोठ्या वाटीत लहान कशी जाते, पातेले उपडे ठेवून त्यावर दुसरे राहते का, हे शोधण्यात मूल गढून जाते. वस्तू आत टाकणे आणि बाहेर काढणे हा या वयाचा सर्वांत आवडता उद्योग आहे. आवाज होईल. तेवढा सोसावा.

५. कणकेचा गोळा. पोळ्यांची कणीक मळताना एक गोळा बाजूला काढा. थोडी हळद घातली की पिवळा, बिटाचा रस घातला की गुलाबी. दाबणे, लांबवणे, त्यावर वाटीचा ठसा उमटवणे यातून बोटांत ताकद येते. पुढे घास उचलायला आणि पेन्सिल धरायला तीच उपयोगी पडते. कच्ची कणीक खायला देऊ नका.

६. भाजीत मदत. हिवाळ्यात घरोघरी मेथी असतेच. निवडताना मुलाला दोन-चार काड्या द्या आणि पाने तोडून ताटलीत टाकायला सांगा. मटार सोलताना दाणे मात्र त्याच्यापासून लांब ठेवा. ते नाकात आणि कानात जातात. रिकाम्या शेंगा टोपलीत टाकण्याचे काम त्याला द्या. वाळलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणे, आजीचा रुमाल कोणता ते ओळखणे हेही खेळच. काम थोडे लांबते, पण फोन लागत नाही.

७. रिकामा खोका. ऑनलाइन खरेदीचा मोठा खोका फेकू नका. पिना आणि चिकटपट्टी काढून टाका. मूल त्यात बसेल, ढकलेल, लपेल. बाजूला भोक पाडले की चेंडू टाकायची खिडकी तयार.

८. संध्याकाळच्या सावल्या. सातनंतर दिवे मंद करून भिंतीवर टॉर्चचा झोत टाका. हाताचा ससा, चमच्याची सावली, स्वतःची लहान-मोठी होणारी सावली. हा शांत खेळ झोपेच्या आधी बरा. त्यानंतर दोन चित्रांची पुस्तके आणि हातवारे करत म्हटलेली बडबडगीते. तेच पुस्तक रोज मागितले तरी हरकत नाही, पुन्हा पुन्हा ऐकूनच शब्द पक्के होतात.

एका सकाळचा आराखडा

- ६.४५ ते ७.१५ : गोधडीतले खेळ
- ७.१५ ते ७.४५ : गाद्यांचा डोंगर
- ७.४५ ते ८.३० : दूध, नाश्ता, कोमट पाण्याने तोंड-हात धुणे
- ८.३० ते ९ : डबे-झाकणे, कणीक
- ९ ते ९.३० : फरशीची वाट, चेंडू
- ९.३० ते १०.१५ : भाजी निवडणे, पुस्तक, आजीजवळ गप्पा
- १०.३० नंतर : ऊन

हे वेळापत्रक दगडावरची रेघ नाही. मूल एखाद्या खेळात रमले असेल, तर मध्ये पडू नये.

वॉकर की पांगुळगाडा?

थंडीत मूल घरात आहे, म्हणून चाकांचा वॉकर आणण्याचा मोह होतो. मूल आत बसते आणि पायाने ढकलत घरभर फिरते. पण त्याचा वेग मोठ्यांना पकडता येत नाही. जिन्यावरून कोसळणे, गरम चहापर्यंत हात पोहोचणे असे अपघात त्यातून होतात. कॅनडाने २००४ मध्येच अशा वॉकरवर बंदी घातली. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटनाही बंदीची मागणी करत आली आहे. शिवाय वॉकरमुळे मूल लवकर चालत नाही.

आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा आहे. त्यात मूल बसत नाही; दांडी धरून, स्वतःच्या पायावर उभे राहून गाडा पुढे ढकलते. तोल त्यालाच सांभाळावा लागतो. हाताला धरून उभे राहणाऱ्या मुलासाठी तो अधिक बरा, अर्थात कुणीतरी सोबत असताना आणि सपाट जागेवरच.

बोरन्हाण : मजा आणि काळजी

मराठी घरांत थंडीतल्या घरगुती खेळाचा एक सोहळाच आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत पाच वर्षांखालील मुलांचे बोरन्हाण केले जाते. काळे झबले, हलव्याचे दागिने, पाटावर बसलेले मूल आणि डोक्यावरून ओतली जाणारी बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, हलवा. शेजारपाजारची मुले खाली पडलेला खाऊ वेचायला धावतात. गोळा करणे, मुठीत धरणे, पिशवीत टाकणे, दुसऱ्या मुलांत मिसळणे हे सगळे त्या पाच मिनिटांत होते.

पण वेचलेली वस्तू थेट तोंडात टाकणे हाही या वयाचा स्वभाव आहे. तीन वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्यांची चाचणी सुमारे ३.२ सेंटीमीटर रुंदीच्या नळीने केली जाते. त्यात पूर्ण मावणारी वस्तू गिळण्याच्या दृष्टीने धोकादायक मानली जाते. गावरान बोर, शेंगदाणा, हलवा, उसाचा तुकडा हे सगळे त्या नळीत सहज बसते. म्हणून :

- लहान मुलावर ओतायला चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या वापरा. बोरे नावापुरती, मोठ्या माणसाच्या हातून.
- हलव्याचे दागिने फोटो काढून झाल्यावर लगेच उतरवा. सुटलेले मणी झाडून घ्या.
- कार्यक्रम संपल्यावर सतरंजीखाली आणि सोफ्याच्या फटीत राहिलेले दाणे शोधून काढा.
- नाशिकच्या द्राक्षांचा हंगामही याच सुमारास येतो. अख्खे द्राक्ष लहान मुलाला देऊ नका. उभे चार तुकडे करून द्या. अख्खे शेंगदाणे आणि चिक्की इतक्या लहान मुलांना नकोच.

घास अडकला तर काय कराल?

मूल जोरात खोकत असेल, तर खोकू द्या. आवाज निघत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर मदतीसाठी हाक मारा, दुसऱ्याला १०८ ला फोन लावायला सांगा आणि लगेच सुरुवात करा.

- १ वर्षाखालील बाळ : हातावर पालथे, डोके खाली ठेवून दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच थापा. मग उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच दाब.
- १ वर्षावरील मूल : पुढे वाकवून पाठीवर पाच थापा. मग मागून मिठी मारून, बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वरच्या दिशेने पाच झटके.

अडकलेली वस्तू बाहेर येईपर्यंत हे आलटून पालटून करत राहा. मूल बेशुद्ध झाले तर छातीदाब सुरू करा. दिसत नसलेली वस्तू काढायला घशात बोट घालू नका. ती आणखी आत जाते.

घरात ऊब हवी, पण कशी?

मूल घरात असते तेव्हा घर गरम ठेवण्याचे प्रयत्नही वाढतात. याच ठिकाणी सर्वांत गंभीर चुका होतात.

शेगडी : दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी किंवा घमेल्यात निखारे ठेवू नका. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, गरगरणे, उलटी, सुस्ती ही लक्षणे. लहान मूल ती सांगू शकत नाही. ते फक्त पेंगुळते आणि घरच्यांना वाटते झोप आली. संशय आला तर सर्वांनी आधी बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि १०८ किंवा ११२ ला फोन करावा.

गॅस गिझर : तोच वायू बंद बाथरूममध्येही साचतो. गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या जागी बसवलेला असावा. आत असेल, तर बादली भरून गिझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच मुलाला अंघोळीला न्यावे.

कॉइल आणि बादली : पाणी तापवायची कॉइल बादलीत असताना बाथरूमचे दार बाहेरून लावलेले असावे. भाजणे आणि विजेचा धक्का, दोन्हींची भीती असते. भरलेली बादली तशीच सोडू नका. डोके जड असल्याने बादलीत वाकलेल्या लहान मुलाला परत वर येता येत नाही. थोड्या पाण्यातही जीव जाऊ शकतो.

कपडे : एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. खेळताना मानेमागे हात लावून पाहा. घाम असेल तर एक थर काढा. हात-पाय थोडे गार लागले म्हणजे मूल गारठले, असे नाही.

हवा : सर्दी विषाणूंमुळे होते आणि बंद खोलीत माणसे दाटीने बसली की ते लवकर पसरतात. ऊन आल्यावर खिडक्या अर्धा तास उघडा. घरात कुणाला सर्दी-खोकला असेल, तर त्याने मुलाला घेण्याआधी हात धुवावेत.

पण वेळ कुणाकडे आहे?

हा खरा प्रश्न आहे. दोघेही नोकरीवर जाणाऱ्या घरात, पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या एका खोलीत किंवा एकट्या आजीवर मूल सोपवलेल्या घरात ‘मुलाशी खेळा’ हा सल्ला ऐकायला सोपा आणि पाळायला कठीण असतो.

मात्र मोठ्या माणसाने तीन तास सलग खेळायचे नाही. गाद्या रचून देणे, डब्यांचा कप्पा भरून ठेवणे, खोका पुढे करणे ही तयारी पाच मिनिटांची. त्यानंतर कुणीतरी त्याच खोलीत, नजरेच्या टप्प्यात असले आणि मुलाने काही दाखवले की त्याला उत्तर दिले, तर बाकीचे काम मूल करते. गुडघे दुखणारी आजी डोंगर चढणार नाही, पण खुर्चीत बसून चेंडू परत ढकलू शकते, मोज्याची जोडी ओळखायला सांगू शकते. स्वयंपाक एकाने केला, तर वीस मिनिटांचे खेळणे दुसऱ्याने घ्यावे. हे काम फक्त आईचे, असे कुठल्याही मार्गदर्शक सूचनेत लिहिलेले नाही.

पहिले दोन-तीन दिवस फोनसाठी रडारड होईल. ती अचानक थांबणार नाही. सकाळचा एकच अर्धा तास निवडा, त्या वेळी फोन घरातल्या सर्वांनीच दुसऱ्या खोलीत ठेवा आणि त्या जागी रोज तोच खेळ लावा. मुलांना सवय लागते तशी ती बदलतेही. आठवडाभराने पुढचा अर्धा तास घ्या. संक्रांत उलटेपर्यंत सकाळचे तीनही तास मोकळे होऊ शकतात.